शेवटी सेवा कोणाची?

रविवारचा अभ्यास

वाचन: यहोशवा २४:१४-१५, मत्तय ६:२४, प्रेषितांची कृत्ये ९:१९-२८, १ पेत्र ३:१५-१६



एखादा माणूस प्रभूकडे वळला की आपल्याला फार आनंद होतो. पण हा आनंद साधारण महिनाभरच टिकतो. कारण त्यानंतर तो माणूस बोलू लागतो! रिट्रीटहून आलेला मुलगा घरातला टीव्ही बंद करायला सांगतो, वडिलांच्या पेल्याकडे बोट दाखवतो, लग्नघरात नाचणाऱ्या मावशीला नरकाची आठवण करून देतो. मग आपणच एकमेकांना म्हणतो, "यापेक्षा पूर्वीचा बरा होता!"

अशा वेळी चूक कोणाची असते? त्याची, की आपली? युवकांच्या बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा आम्हांलाही चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आज आपण या प्रश्नाचा अभ्यास करू या. त्यासाठी आम्ही उदाहरण निवडले आहे ते संतचरित्रातील नव्हे, तर रॉक संगीतातील. बुजुर्ग मंडळींनी दचकू नये! या गाण्यांची गोष्ट शेवटी एका पोप महोदयांच्या व्यासपीठापर्यंत जाते.

कोण हा गायक?

बॉब डिलन यांचा जन्म २४ मे १९४१ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, डलूथ या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव रॉबर्ट झिमरमन. विशीत असतानाच त्यांनी युद्ध, वंशभेद आणि अन्याय यांवर गाणी रचली आणि एका पिढीने त्यांना आपला आवाज मानले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जो प्रचंड मोर्चा निघाला, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाजलेले भाषण झाले, त्या मोर्चातही डिलन गायले होते.

लोकांनी एकदा का एखाद्याला मखरात बसवले की त्याने हललेले त्यांना चालत नाही. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन साधी गिटार ठेवून विजेची गिटार घेऊन आले, तेव्हा श्रोत्यांतून आरडाओरडा झाला. पुढे चौदा वर्षांनी जे घडायचे होते त्याची ही जणू रंगीत तालीम होती.

१९७७ साली त्यांचा घटस्फोट झाला. १९७८ मध्ये त्यांचा मोठा चित्रपट पडला. त्याच वर्षी त्यांनी जगभर शंभराहून अधिक मैफली केल्या. कीर्ती होती, पैसा होता. पण माणूस थकला होता.

क्रूस आणि तबकडी

नोव्हेंबर १९७८ मध्ये सॅन डिएगो शहरातील मैफलीत कोणीतरी रंगमंचावर चांदीचा एक छोटा क्रूस फेकला. डिलन यांनी तो उचलून खिशात घातला. पुढच्या गावी गेल्यावर, मनाने अगदी खचलेले असताना, तो क्रूस त्यांच्या हाती आला. त्या सुमारास ॲरिझोनातील एका हॉटेलच्या खोलीत आपल्याला प्रभू येशूचे सान्निध्य जाणवले, असे त्यांनी नंतर सांगितले. क्रूसाची हकीकत तर त्यांनी वर्षभराने त्याच सॅन डिएगोच्या रंगमंचावरून लोकांना ऐकवली.

क्रूस कोणी फेकला हे कोणाला ठाऊक नाही. बंधुभगिनींनो, आपल्या हातून घडलेली एखादी लहानशी गोष्ट कोठवर पोहोचते हे आपल्यालाही कळत नसते.

१९७९ च्या सुरुवातीला डिलन यांनी कॅलिफोर्नियात 'विनयार्ड फेलोशिप' या प्रोटेस्टंट मंडळीच्या बायबल वर्गात सुमारे तीन महिने हजेरी लावली. जगप्रसिद्ध गायक इतर विद्यार्थ्यांबरोबर बसून शुभवर्तमान शिकत होता! त्यांनी स्नानसंस्कारही घेतला. मग अलाबामा राज्यातील मसल शोल्स स्टुडिओत नऊ गाण्यांचा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. ऑगस्ट १९७९ मध्ये तो बाजारात आला. त्याचे नाव 'स्लो ट्रेन कमिंग', म्हणजे सावकाश येत असलेली आगगाडी. मुखपृष्ठावर रूळ घालणारे मजूर, मागून येणारे इंजिन आणि पुढे कुदळ उचललेला एक माणूस असे चित्र आहे. ती कुदळ नीट पाहिली तर क्रूसासारखी दिसते.

या अल्बमचे संगीत मात्र नव्या थाटाचे नव्हते. निर्माते जेरी वेक्सलर यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत रे चार्ल्स आणि अरीथा फ्रँकलिन यांच्या तबकड्या घडवल्या होत्या. तो जुना बाज डिलन यांना हवा होता. त्या बाजाचे मूळ अमेरिकेतील काळ्या ख्रिस्ती बांधवांच्या चर्चमधील गायनात आहे. म्हणजे जी गाण्याची पद्धत चर्चमधून बाजारात गेली होती, ती फिरून देवाच्या नावापाशी आली.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी डिलन वेक्सलर यांनाही प्रभूचा मार्ग पटवू लागले. वेक्सलर यांनी शांतपणे सांगितले की, मी बासष्ट वर्षांचा यहुदी नास्तिक आहे, माझ्यावर कष्ट घेऊ नका, आपण अल्बम करू. आणि त्या दोघांनी तो उत्तम केला.

नऊ गाण्यांत काय आहे?

पहिल्याच गाण्यात राजदूत, जुगारी, मुष्टियोद्धा, न्हावी, सावकार, उपदेशक अशी माणसांची लांबलचक यादी येते. प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली जाते: तू कोणीही असलास तरी कोणाची ना कोणाची चाकरी करतोच आहेस, मग तो सैतान असो वा प्रभू. यहोशवाने शखेम येथे इस्राएल लोकांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने दोन धन्यांबद्दल जे सांगितले तेही हेच. याच गाण्यासाठी १९८० साली डिलन यांना उत्तम रॉक गायनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हा त्यांचा एकट्याच्या गायनासाठीचा पहिला ग्रॅमी होता.

दुसऱ्या एका गाण्यात श्रद्धेमुळे मित्रांनी दाराबाहेर काढलेल्या माणसाची व्यथा आहे. आणखी एकात विचारांची दिशा बदलण्याचा, म्हणजे आपण ज्याला हृदयपरिवर्तन म्हणतो त्याचा, निर्धार आहे. एक गाणे लहान मुलांनाही आवडावे असे आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम प्राण्यांना नावे देतो, त्यावर ते रचले आहे. शेवटी एक सरपटणारा प्राणी येतो आणि त्याचे नाव न घेताच गाणे थांबते. ते नाव ऐकणाऱ्याने ओळखायचे! अखेरचे गाणे प्रभूच्या पुनरागमनाविषयी आहे.

आणि एक गाणे सोनेरी नियमावर आहे: इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे (मत्तय ७:१२). कोणाचा न्याय करू नये हा बोधही त्यात आहे. हे गाणे डिलन यांनी डिसेंबर १९७८ मध्येच, त्या दौऱ्याच्या शेवटच्या मैफलीत गायले होते. बायबल वर्ग नंतरचा, उपदेश नंतरचा. प्रभूच्या स्पर्शानंतर उमटलेल्या पहिल्या सुरांत हे गाणे होते. हा मुद्दा लक्षात ठेवा. आपण पुन्हा त्याकडे येणार आहोत.

श्रोते दुभंगले

अल्बम अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. 'रोलिंग स्टोन' या संगीत नियतकालिकाच्या संपादकांनी स्वतः लेख लिहून त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. दुसऱ्या बाजूने टीकेची झोड उठली. जो माणूस आजवर प्रश्न विचारत होता तो आता तयार उत्तरे विकतो आहे, असे काहींनी लिहिले. गाणी सुरेख आहेत पण त्यांत द्वेष भरला आहे, असे काहींना वाटले. जॉन लेनन यांनी पहिल्या गाण्याला उत्तर म्हणून घरीच एक उपरोधिक गाणे मुद्रित केले. त्याचा आशय असा की, ज्याने त्याने आपलीच सेवा करावी. ते गाणे लेनन यांच्या मृत्यूनंतर, १९९८ साली लोकांपुढे आले.

अनेक यहुदी श्रोते दुखावले. हे दुःख आपण हलके मानू नये. प्रभू येशू, पवित्र मरिया आणि सगळे प्रेषित यहुदी होते. आणि शतकानुशतके ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच त्या समाजाचा छळ केला, हेही खरे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या दस्तऐवजात यहुदीद्वेषाचा स्पष्ट निषेध केला आहे.

१ नोव्हेंबर १९७९ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड नाट्यगृहात डिलन यांचे चौदा कार्यक्रम झाले. त्यांत जुने एकही गाणे नव्हते! फक्त श्रद्धेची गाणी. काही लोक उठून गेले, काहींनी हुर्यो उडवली, काही मात्र डोळे पुसत बाहेर पडले. महिनाअखेर ॲरिझोनातील टेंपी येथे तर श्रोते जुन्या गाण्यांसाठी ओरडू लागले. डिलन यांचाही तोल गेला. रॉकच हवे असेल तर दुसऱ्या बँडकडे जा, असे सुनावून ते युगाच्या अंताविषयी बोलत राहिले.

टीका खरी होती का?

संत पौल थेस्सलनीकरांना सांगतो की, सर्व गोष्टींची पारख करा आणि चांगले ते घट्ट धरा (१ थेस्स. ५:२१). आपणही पारख करू या. आमच्या मते तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, प्रश्न. 'तू कोणाची सेवा करतोस?' हा प्रश्न शुभवर्तमानाचा आहे. तो टोचतो म्हणून खोटा ठरत नाही. लोक रागावले त्यातला काही राग या टोचण्याचाच होता. आपल्यालाही तो टोचला पाहिजे. आपण रविवारी मिस्साला येतो. सोमवारी दुकानात, कचेरीत, जमिनीच्या व्यवहारात आपला धनी कोण असतो?

दुसरी गोष्ट, शिकवण. ज्या वर्गात डिलन शिकले तेथे जगाचा अंत अगदी जवळ आला आहे, यावर फार भर होता. त्या दशकात अमेरिकेत वर्तमानपत्रातील बातम्या आणि प्रकटीकरणाचे पुस्तक यांची सांगड घालणारी पुस्तके अमाप खपत होती. ख्रिस्तसभा प्रभूच्या पुनरागमनावर श्रद्धा ठेवते. दर रविवारी श्रद्धांगीकारात आपण ते जाहीर करतो. पण तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, असे प्रभूनेच सांगून ठेवले आहे (मत्तय २४:३६). तेव्हा येथे सावध राहिलेले बरे.

तिसरी गोष्ट, सूर. शीर्षकगीतात तेलाच्या पैशावर माजलेल्या अरब शेखांचे चित्र येते. १९७९ साली अमेरिकेत पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या, त्यामुळे ते टाळ्या घेणारे होते. पण त्यात तुच्छता आहे. आणि तुच्छतेने प्रभूची साक्ष देता येत नाही. संत पेत्र सांगतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी तयार असा. पण लगेच बजावतो की, ते सौम्यतेने आणि आदराने द्या. नव्याने विश्वास मिळालेल्या माणसाला या वचनाचा पहिला भाग लगेच पाठ होतो. दुसरा भाग शिकायला आयुष्य जाते!

आता ते सोनेरी नियमाचे गाणे आठवा. ज्या अल्बममध्ये लोकांना दटावलेले आहे, त्यातच कोणाचा न्याय करू नये हेही गायलेले आहे. म्हणजे औषध घरातच होते, फक्त घेतले जात नव्हते. आपल्या घरातील नव्या उत्साहाच्या मुलाला आपण हेच प्रेमाने सांगू शकतो: बाळा, तुला प्रभू भेटला तेव्हा तुझ्या मनात पहिले काय आले होते? दुसऱ्यांची पापे, की त्याचे प्रेम? तेथून पुन्हा सुरुवात कर.

बोलोन्याची संध्याकाळ

डिलन यांनी १९८० मध्ये 'सेव्हड' आणि १९८१ मध्ये 'शॉट ऑफ लव्ह' हे अल्बम काढले. पहिला अमेरिकेत फारसा खपला नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये ते पुन्हा वॉरफिल्डला आले तेव्हा जुनी आणि नवी गाणी मिसळून गायले. पुढे उपदेश थांबला. आता काही ख्रिस्ती लोकच नाराज झाले: हा मागे फिरला म्हणून! १९९७ मध्ये एका मुलाखतीत डिलन यांनी सांगितले की, आपल्याला धर्म सापडतो तो गाण्यांत, उपदेशकांत नव्हे.

त्याच १९९७ साली, २७ सप्टेंबर रोजी, इटलीतील बोलोन्या येथे राष्ट्रीय युखरिस्त परिषदेनिमित्त तरुणांचा मोठा मेळावा भरला होता. पोप संत जॉन पॉल दुसरे व्यासपीठावर बसले होते. लाखो तरुणांसमोर डिलन गायले, मग हॅट काढून पायऱ्या चढले आणि पोप महोदयांना भेटले. पोप महोदयांनी आपल्या भाषणात डिलन यांच्याच १९६० च्या दशकातील प्रसिद्ध गाण्याचा धागा पकडला. उत्तर वाऱ्यात आहे हे खरे, पण तो वारा म्हणजे सारे उधळून नेणारा वारा नव्हे, तर पवित्र आत्म्याचा श्वास, असे त्यांनी तरुणांना समजावले. माणसाने किती वाटा चालाव्यात या गाण्यातील प्रश्नाचे उत्तरही त्यांनी दिले: वाट एकच, ती म्हणजे ख्रिस्त.

यावरही सर्वांचे एकमत नव्हते. कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांना अशा 'संदेष्ट्यांना' व्यासपीठावर आणणे योग्य आहे का, अशी शंका होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती मोकळेपणाने नोंदवली आहे. दोन्ही थोर धर्मपिते, दोघांचे एकमेकांवर प्रेम. तरी या बाबतीत मते वेगळी. आपल्या धर्मग्रामात गायनवृंदाने कोणती वाद्ये वाजवावीत यावर वाद होतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी. मतभेद म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे.

पोप जॉन पॉल यांनी काय केले ते पाहा. 'हा आपल्यात आहे की नाही?' असे त्यांनी जाहीरपणे विचारले नाही. त्यांनी गाण्यातला प्रश्न घेतला आणि तरुणांना प्रभूपर्यंत नेले.

पौलाला बर्णबा भेटला

आता आजच्या वाचनाकडे वळू या. दमास्कसच्या वाटेवर प्रभू भेटल्यावर शौलाने लगेच प्रवचने सुरू केली. परिणाम काय झाला? जुन्या साथीदारांनी त्याला मारण्याचा कट केला. तो यरुशलेमला आला तर शिष्यच त्याला भ्यायले. हा खरा शिष्य आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. दोन्हीकडची दारे बंद! तेव्हा बर्णबा नावाच्या माणसाने त्याला बरोबर घेतले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या वतीने बोलला. पौल स्वतः लिहितो की, परिवर्तनानंतर तो अरबस्तानातही जाऊन राहिला होता (गलती १:१७). मोठ्या प्रेषितालाही एकांत लागला, वेळ लागला आणि एक मित्र लागला.

डिलन यांना पहिल्याच वर्षी हजारो लोकांसमोर उभे राहावे लागले. त्यांची चाचपडणारी श्रद्धा सगळ्या जगाने पाहिली आणि तिच्यावर गुण दिले. ती गाणी मात्र टिकली. २००३ साली काळ्या चर्चमधील नामवंत गायकगायिकांनी त्यांतील अनेक गाणी आपल्या पद्धतीने गाऊन एक अल्बम काढला. २०१७ मध्ये त्या काळातील मैफलींची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली, तेव्हा पूर्वी नाके मुरडणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांतली ताकद मान्य केली. २०१६ साली डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज त्यांच्या अंतःकरणात काय आहे ते परमेश्वर जाणतो. ते ठरवणे आपले काम नाही, आणि 'तो आमचाच' म्हणून मिरवणे हेही नाही.

आपले काम बर्णबाचे आहे. घरात, वाडीत, युवामंडळात नव्याने पेटलेला कोणी असेल तर त्याची खिल्ली उडवू नये. आणि त्याला लगेच माईकही देऊ नये. त्याच्याजवळ बसावे. त्याचा प्रश्न खरा असेल तर आधी स्वतःला विचारावा. त्याचा सूर चढला तर खाजगीत, हळू आवाजात सांगावे. आणि उद्या त्याचा उत्साह ओसरला तर 'आम्ही म्हटले नव्हते!' असे म्हणू नये. गाडी सावकाश येते. कोणाच्या आयुष्यात ती कोणत्या स्टेशनावर आहे हे आपल्याला दिसत नाही.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात माझा वेळ आणि पैसा पाहून कोणी विचारले, 'हा कोणाची सेवा करतो?', तर काय उत्तर मिळेल?

२. माझ्या श्रद्धेची साक्ष मी सौम्यतेने देतो, की दुसऱ्याला कमी लेखून?

३. आपल्या ओळखीत असा कोण आहे, ज्याला आज एका बर्णबाची गरज आहे? या आठवड्यात आपण त्याच्यासाठी काय करू?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हांला हाक मारलीस तेव्हा आम्हीही अडखळत आलो. आमच्यातील नव्या विश्वासूंना धीर दे आणि आम्हां जुन्यांना नम्रता दे. आमचे ओठ तुझे गाणे गात असताना आमची मने दुसऱ्या धन्याकडे जाऊ देऊ नकोस. आमेन.